खोडलेलं मोजत नाही

सव्वीस वर्षांत मी हजारो पेपर तपासले असतील, पण एखादा पेपर खिडकीच्या काचेला लावून वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्या सोमवारी आली. स्टाफरूममध्ये मी एकटीच होते, पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता, आणि माझ्या हातात दहावीच्या पूर्वपरीक्षेचा असा एक पेपर होता की ज्याची पानं खोडरबराने घासून घासून पापुद्र्यासारखी झाली होती. दोन ठिकाणी तर भोकं पडली होती. मार्क पडले होते एकतीस.

पेपर तिचा होता, खोडरबरचा. हे नाव मी ठेवलेलं नाही, वर्गानेच ठेवलंय. मुलगी शेवटून दुसऱ्या बाकावर बसते, मान खाली घालून लिहिते, आणि लिहून झालं की तितक्याच निष्ठेने खोडते. वर्गाने मलाही नाव ठेवलंय. मी ‘नक्की मॅडम’. कुणीही उत्तर दिलं की मी विचारते, “नक्की?” मुलांना वाटतं मला हे नाव माहीत नाही. मला ते पहिल्या वर्षापासून माहीत आहे आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानच होता. गणितात खात्री असावी लागते. दुसऱ्याच्या वहीत डोकावून आलेलं उत्तर ‘नक्की?’ म्हटल्याबरोबर गळून पडतं, हे मी कितीदा पाहिलंय.

तर तो पेपर मी काचेला लावला. पूर्वपरीक्षेला आम्ही गणित पेन्सिलीने लिहू देतो, आणि ही मुलगी पेन्सिल दाबून लिहिते. रबराने काळं गेलं होतं, पण कागदावरचे वळ गेले नव्हते. उजेडात सगळं दिसायला लागलं. आयताचं उदाहरण होतं, लांबी रुंदीपेक्षा पाच मीटरने जास्त, क्षेत्रफळ चौऱ्याऐंशी. तिने रुंदी सात काढली होती, लांबी बारा. खाली बारा साते चौऱ्याऐंशी असा पडताळासुद्धा केला होता. आणि मग समीकरणापासून पडताळ्यापर्यंत सगळं पुसून टाकलं होतं. त्या जागी पांढरा, केसाळ कागद. बाकी काही नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुढचं पान लावलं, त्याच्या पुढचं लावलं. बरोबर, खोडलेलं. बरोबर, खोडलेलं. मध्ये एखादं चुकलेलं होतं, ते मात्र बाईसाहेबांनी छान जपून ठेवलं होतं. खोडलेल्यातली बरोबर उत्तरं मोजली तर सत्तावीस मार्क होत होते. एकतीस आणि सत्तावीस, अठ्ठावन्न.

तुम्ही म्हणाल, मग द्यायचे होते मार्क. द्यायचे कसे? खोडलेलं मोजत नाही, असा आमच्या शाळेचा नियम आहे. आणि तो नियम सात वर्षांपूर्वी शिक्षकांच्या बैठकीत टेबलावर हात आपटून मंजूर करून घेणारी बाई मीच. तेव्हा पोरं एकाच उदाहरणाची दोन उत्तरं लिहायची, एकावर हलकीशी रेघ मारायची आणि बरोबर कुठलं ते आम्ही निवडावं अशी सोय करून ठेवायची. मी तो धंदा बंद पाडला.

पूर्वपरीक्षेत चाळिसाच्या खाली गेलेल्या मुलांची यादी शुक्रवारी चारपर्यंत मुख्याध्यापकांकडे द्यायची असते. त्या यादीतली मुलं ‘साध्या गणिता’च्या वर्गात जातात. तिथे टक्केवारी, सरासरी असं जुजबी शिकवतात आणि सगळे पास होतात. शाळेचा निकालही चांगला लागतो. पण साधं गणित घेतलं की पुढचे कितीतरी दरवाजे बंद होतात, आणि त्यात तिचाही एक होता. वर्षाच्या सुरुवातीला ‘पुढे काय करणार?’ असा एक कागद आम्ही भरून घेतो. निम्मी मुलं त्यात काहीतरी मोठं खरडतात, उरलेली ‘अजून ठरलं नाही’ लिहितात. तिने एकच ओळ लिहिली होती, घरांचे नकाशे काढणार. ही ओळ मात्र पेनने लिहिली होती. नकाशे काढण्याच्या त्या अभ्यासक्रमाला पूर्ण गणित लागतं, साधं चालत नाही.

मधल्या सुट्टीत मी तिला बोलावलं. पेपर पुढे ठेवला आणि आयताच्या उदाहरणावर बोट ठेवलं.

“हे का खोडलंस?”

तिने हातातली पेन्सिल दुसऱ्या हातात घेतली.

“अगं, मी काय विचारतेय? हे तुझं उत्तर बरोबर होतं.”

तिने पेपराकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. “बरोबर होतं?”

“होतं. सात आणि बारा. पडताळा पण केला होतास. मग का खोडलंस?”

“मला आलं होतं ना मॅडम,” ती म्हणाली.

“मग?”

“मला आलं म्हणजे चुकलंच असणार.”

हे सांगताना ती लाजत नव्हती, रडत नव्हती, नाटक करत नव्हती. बाहेर ऊन आहे असं सांगावं तसं सांगत होती. मला ओरडायचं नव्हतं, पण मी ओरडले. इतकं की दाराशी शिपाई डोकावून गेला. “हे कुणी सांगितलं तुला? कुठल्या पुस्तकात लिहिलंय? चुकलेली उत्तरं ठेवतेस आणि बरोबर आलेली पुसतेस, काय म्हणावं तुला?” ती मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “आमच्या घरात गणित कुणालाच येत नाही, मॅडम.”

हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पालकसभेला येणारी प्रत्येक दुसरी आई हेच म्हणते, आणि हसत हसत म्हणते, “मला पण गणित कधी जमलंच नाही हो!” चांगले इस्त्रीचे कपडे घालून आलेले वडील सांगतात, “आमच्याकडे ते रक्तातच नाही.” अरे, मला वाचता येत नाही असं कुणी हसत सांगतं का? गणितानेच काय घोडं मारलंय? शेजारी पोरगं उभं राहून ऐकत असतं. त्याला काय, सुटका झाल्याचा कागदच मिळतो. मग मी वर्षभर फळ्यापुढे घसा फोडत बसते.

“वडील काय करतात तुझे?”

“फरशा बसवतात. आपल्याच शाळेत काम चालू आहे त्यांचं. लॅबमध्ये.”

शाळा सुटल्यावर मी तडक लॅबमध्ये गेले. आज एका पालकाला चांगलं सुनवायचं, असं मनाशी ठरवूनच गेले. टेबलं सगळी व्हरांड्यात काढून ठेवली होती. आत अर्ध्या जमिनीवर नव्या टाईल बसल्या होत्या, उरलेली जमीन उघडी होती. तिचे वडील गुडघ्यावर बसून दोरी ताणत होते, अंगावर सिमेंटची पांढरी धूळ. आणि ती, माझी खोडरबर, दप्तर कोपऱ्यात टाकून भिंतीपाशी ओणवी झाली होती. त्या कोपऱ्यात पाण्याचा पाईप वर येत होता. त्याच्याभोवती बसेल अशी टाईल कापायची होती.

मी दारातच थांबले. तिने पट्टी लावली, मोजलं, टाईलवर पेन्सिलने खूण केली. वडील आले आणि त्या खुणेकडे न बघताच अंगठ्याने ती पुसून टाकली. मी मनात म्हटलं, सापडलं! हे बघा, इथे सगळं मूळ आहे.

“तुम्हीच शिकवताय होय हिला हे?” मी आत शिरत म्हटलं.

ते गडबडून उठले. “या मॅडम, या. जपून, तिकडे ओलं आहे.”

“मुलगी बरोबर आलेली उत्तरं पुसते परीक्षेत. सत्तावीस मार्कांची. एकतीस मार्क पडलेत. शुक्रवारी यादी जाणार, त्यात नाव आलं की नकाशे विसरा. आणि इथे तुम्ही तिने केलेली खूण बघतसुद्धा नाही, सरळ पुसता?”

त्यांनी हात पँटला पुसले. माणूस शांत होता. मला उगाचच त्याचाही राग आला.

“पहिलं माप पुसायचंच असतं, मॅडम. माझ्या वडिलांनी मला तसंच शिकवलं. पहिली खूण डोळ्यासमोर राहिली की दुसरं माप आपण मारून मुटकून तिच्याशी जुळवतो. म्हणून पुसायची, आणि पहिल्यांदाच मोजतोय असं मोजायचं. आकडा लक्षात ठेवायचा फक्त. दोन्ही जुळले की कापायचं. कापलेली टाईल काय परत जोडता येत नाही.”

तेवढ्यात तिने परत पट्टी लावली होती. परत मोजलं, परत खूण केली. “साडेअकरा, बाबा. आधी पण साडेअकरा.”

“काप,” ते म्हणाले.

तिने मशीन सुरू केलं. पाण्याची चिळकांडी, कर्कश आवाज, आणि टाईलला पाईपाच्या आकाराची कड निघाली. तिने ती नेऊन बसवली. गुण्या लावून कोन पाहिला. बसली, अगदी चपखल.

“या लॅबमधल्या सगळ्या कडेच्या टाईल तिने मोजल्यात,” वडील म्हणाले. “एक तुकडा वाया गेला नाही. इथे ती पुसते, परत मोजते आणि कापते. वर्गात पुसून थांबते म्हणता, तर ते का, ते मला कसं कळणार? वर्गात तुम्ही असता.”

ते रागाने बोलले नव्हते. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं. “शुक्रवारच्या आत काहीतरी करते,” एवढं म्हणून मी निघाले. ओल्या सिमेंटमध्ये माझ्या चपलेचा ठसा उमटला, तो त्यांनी माझ्यादेखतच थापीने सारखा केला.

मुख्याध्यापकांकडून फेरपरीक्षा काढून घेणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत आणि कायम थकलेले असतात.

“एकीला दिली तर सगळे मागतील, मॅडम.”

“मागू देत. बाकीच्यांनी बरोबर उत्तरं पुसलेली नाहीत, मी सगळे पेपर उजेडात धरून बघितलेत.”

“सगळे?”

“सगळे.” खोटं होतं. चार बघितले होते.

त्यांनी सुस्कारा टाकला आणि गुरुवारची दुपार दिली. तीन तास, शंभर मार्क, पर्यवेक्षक मीच. चाळीस पडले तर नाव यादीत नाही. मी वर आणखी एक अट माझ्या मनाने घातली, पेपर पेनने लिहायचा आणि खोडरबर माझ्याकडे जमा. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. रोगाचं हत्यारच काढून घेतलं की रोग जाईल कुठे? बुधवारी तिला बाजूला घेऊन बजावलं, “लॅबमध्ये करतेस ना, तस्संच. दोनदा कर. जुळलं की कापलं समज. परत हात लावायचा नाही.” तिने मान हलवली. तोंडावर विश्वास वगैरे काही दिसला नाही, पण मान हलवली.

गुरुवारी वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या वर्गात ती एकटी बसली होती, मधल्या बाकावर. मी टेबलाशी. पहिला अर्धा तास माझाच जीव खालीवर होत होता. ती कच्च्या कागदावर उदाहरण सोडवायची, कागद उलटा करायची, मग मागच्या कोऱ्या बाजूवर तेच उदाहरण परत पहिल्यापासून सोडवायची. दोन्ही उत्तरं बघायची आणि मग पेपरात पेनने उतरवायची. कासवाच्या चालीने चाललं होतं, पण चाललं होतं. दोन तास होत आले तेव्हा ती पाचव्या पानावर होती. माझा हिशोब साधा होता. अजून एक तास आहे, याच वेगाने गेली तरी साठापर्यंत सहज पोचेल. मला बसवेना. मी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, तिच्या बाकाशी थांबले. शिडीचं उदाहरण होतं, तेरा मीटरची शिडी, पायथा भिंतीपासून पाच मीटरवर, भिंतीवर किती उंच पोचेल. तिने सुबक आकृती काढली होती आणि खाली लिहिलं होतं, बारा मीटर. मला इतकं बरं वाटलं! मी पुढे चालायला लागले. नंतरचा तासभर मी खिडकीशी उभी राहून मैदानावरची पोरं बघत होते आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. वेळ संपल्यावर पेपर घेतला, न उघडता पिशवीत टाकला. चांगली गोष्ट निवांत बघावी म्हणून.

शुक्रवारी सकाळी स्टाफरूममध्ये पेपर उघडला. पहिलं उदाहरण बरोबर. दुसरं बरोबर. लाल पेन नुसतं टिक करत चाललं होतं. पाचव्या पानापर्यंत छत्तीस मार्क, आणि छत्तीसपैकी छत्तीस. त्याखाली शिडी. शिडीवर एक आडवी रेघ. आकृतीवरून, बारा मीटरवरून, एका दमात ओढलेली, कागद फाटेल इतकी दाबून. त्यानंतरची सगळी पानं कोरी.

मी पानं मागेपुढे केली. काही चिकटलं असेल, काही सुटलं असेल. काही सुटलं नव्हतं. दोन तासांत चाळीस मार्कांचं लिहिलेली मुलगी शेवटचा एक तास काहीही न लिहिता बसून राहिली होती, आणि मी खिडकीतून चेंडू बघत होते.

तिला वर्गातून बोलावून घेतलं. यावेळी मी ओरडले नाही.

“शिडी का खोडलीस?”

“चुकली होती ना.”

“कुणी सांगितलं चुकली होती?”

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. “तुम्हीच. तुम्ही येऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, नक्की?”

मी म्हणाले होते? मला आठवेना. बाकाशी थांबल्याचं आठवत होतं, बरं वाटल्याचं आठवत होतं. आणि मग हळूहळू माझाच आवाज कानात आला. हो, म्हणाले होते. श्वास सोडावा तसं तोंडातून गेलं होतं.

“अगं, ती माझी सवय आहे. मी सगळ्यांनाच विचारते.”

“नाही, मॅडम.”

“नाही म्हणजे?”

“पुढच्या दोन बाकांवर कुणी उत्तर दिलं की तुम्ही ‘पुढे’ म्हणता. ‘नक्की’ आम्हाला विचारता. ज्यांचं चुकतं त्यांना.”

“बरोबर असलं तरी विचारते मी!”

“ते आम्हाला कसं कळणार?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती मला नीट समजावून सांगत होती. “तुम्ही नक्की म्हटलं की आम्ही उत्तर बदलतो. मग तुम्ही म्हणता, ‘बघा, खात्री नाही’, आणि पुढच्या बाकावर विचारता. मग ते सांगतात. कधी कधी मी पहिल्यांदा सांगितलेलंच सांगतात ते. तेव्हा मला वाटतं, माझं दुसऱ्या कुठल्यातरी पद्धतीने आलं असेल, चुकीच्या.”

“आणि कालचा शेवटचा तास? पुढची उदाहरणं का नाही सोडवलीस?”

“शिडी मी दोनदा केली होती. दोन्ही वेळा बारा आलं होतं. जुळूनसुद्धा चुकलं, म्हणजे मग आधीची सगळीच चुकली असणार. मग पुढे काय करायचं?” ती थांबली आणि म्हणाली, “चाळीस नाही ना पडले? मला वाटलंच होतं.”

आणि ती हसली. सुटल्यासारखं हसली. त्या हसण्याने मला जे झालं, ते मला या वयातही नीट सांगता येणार नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिला वर्गात पाठवलं. पुढचा तास माझाच होता, त्याच वर्गावर. मी ठरवून स्वतःच्या तोंडावर लक्ष ठेवलं. पहिल्या बाकावरच्या पोराने उत्तर दिलं, मी म्हटलं, “पुढे.” चौथ्या बाकावरच्या मुलीने उत्तर दिलं, आणि शब्द माझ्या ओठांवर आला. मी तो गिळला. शेवटच्या बाकावरून उत्तर आलं, पुन्हा आला. तासाभरात सहा वेळा आला, सहाही वेळा मागच्या बाकांसाठी, आणि त्यातली चार उत्तरं बरोबर होती. पहिल्या दोन बाकांसाठी एकदाही नाही. आपण सगळ्यांना सारखं वागवतो असं मी सव्वीस वर्षं सांगत आले होते, पालकसभेत, निरोपसमारंभात, घरी जेवताना. किती शिड्या खोडल्या असतील मी? किती पोरं आज कुठेतरी हसत सांगत असतील, आम्हाला गणित कधी जमलंच नाही?

साडेतीनला मी यादी आणि पेपर घेऊन मुख्याध्यापकांपुढे उभी राहिले. यादीत तिचं नाव नव्हतं.

त्यांनी पेपर उलटून पाहिला. “छत्तीस दिसतायत.”

“चाळीस आहेत. शिडीचे चार.”

“शिडी खोडलेली आहे. खोडलेलं मोजत नाही, हा नियम तुमचाच ना? मी तर तेव्हा विरोधात होतो.”

“नियम माझाच. पण रेघही माझीच आहे, सर. परीक्षा चालू असताना पर्यवेक्षकाने परीक्षार्थीशी बोलायचं नाही, हा नियम माझ्याही आधीचा आहे. मी बोलले. तिने बरोबर लिहिलेलं उत्तर माझ्या बोलण्यामुळे खोडलं. मी लेखी देते.”

“मग परीक्षाच रद्द होते. एकतीस कायम.”

“शिक्षा मला करा ना! तिला कशाला?” माझा आवाज चढला. शिपाई परत डोकावला. “चाळीस मार्कांचं लिहिलंय तिने आणि एक चूक नाही. तुमच्या पहिल्या बाकावरचा तो हुशार, त्याच्या पेपरात नऊ चुका आहेत. दाखवू आणून?”

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “लेखी द्या. पण ते तुमच्या फाईलला लागेल. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुमची.”

“लागू दे.”

मी तिथेच उभ्याने लिहिलं. मग शिडीशेजारी लाल पेनने ‘ही रेघ पर्यवेक्षकाची’ असं लिहून सही केली, चार मार्क दिले आणि वर एकूण लिहिलं, चाळीस. त्यांनी यादीवर शिक्का मारला. चाळीस म्हणजे काही दिग्विजय नव्हे, खऱ्या परीक्षेला अजून अडीच महिने होते आणि त्या परीक्षेत तिच्या बाकाशी कोण येऊन उभं राहील ते माझ्या हातात नव्हतं. या अडीच महिन्यांत निम्म्या वर्गाच्या डोक्यातून मला माझाच एक शब्द काढायचा होता. कसा, ते मला माहीत नव्हतं, अजूनही पुरतं माहीत नाही.

ती लॅबच्या दारात भेटली. आत सगळी जमीन बसून झाली होती आणि तिचे वडील ओल्या फडक्याने टाईल पुसत होते. मी पेपर तिच्या हातात दिला.

“चाळीस. नाव यादीत नाही.”

तिने पहिलं पान पाहिलं, पाचवं पाहिलं. रेघ, तिच्याशेजारची माझी सही, चार. पुन्हा पहिलं पान पाहिलं. मग वर बघून तिने विचारलं, “नक्की, मॅडम?”

टोमणा नव्हता तो. टोमणे मारणारी पोर नाही ती, तिला खरंच खात्री करून घ्यायची होती. सकाळपासून मी ती बेरीज तीनदा केली होती. चाळीस आहेत हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. तरी त्या एका शब्दाने सगळं हललं. सही करायच्या घाईत एखादा आकडा चुकला तर नसेल? मुख्याध्यापकांनी परत मोजले तर? मी पेपर तिच्या हातातून परत घेतला, भिंतीला टेकवला आणि पहिल्या पानापासून मोजायला लागले.

“चार. आणि पाच, नऊ. आणि चार, तेरा...”

ती माझ्या खांद्याशी उभी राहून हळू आवाजात माझ्याबरोबर मोजत होती. आत वडिलांचं फडकं थांबलं होतं. पान उलटलं, परत उलटलं. छत्तीसपाशी आले आणि रेघेवर माझं बोट अडलं.

“आणि चार,” ती म्हणाली. “चाळीसच आहेत, मॅडम.”